मधली गल्ली

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू विचारलंस, आवाज असा का येतोय. मी म्हटलं सर्दी. सर्दी नाही गं. सोमवारच्या सुनावणीच्या विचाराने रात्र रात्र झोप लागत नाही. आपल्या खिडकीसमोरची मधली गल्ली गाड्यांना बंद करायचा आराखडा तुझा, आणि त्याविरुद्ध बोलायला आपलेच शेजारी येणार.

शिंपीकाका सह्या गोळा करत फिरताहेत. आपल्याकडेही आले. म्हणाले, वहिनी, तुमची लेक रस्ते मोकळे करायला शिकली की बुजवायला? मी हसले, चहा दिला. मग त्यांनी कागद पुढे केला, आणि मी सही केली. हो, तुझ्या आईने. रागावशील, पण पुढे वाच.

तू ठेवून गेलेलं वाहतुकीचं पुस्तक मी दोनदा वाचलं, गणितं सोडून. रस्ता बंद केल्याने गर्दी कमी होते हे आधी पटेना. मग चार दिवस खिडकीत बसून पाहिलं. लोक पाच मिनिटं वाचवायला गल्लीत शिरतात आणि पुढच्या चौकात सगळे एकदम तोंड काढतात. मग सरळ जाणारेही अडकतात. तुझ्या बाबांना हे पुस्तकाशिवाय कळलं होतं. सव्वीस वर्षं बस चालवली. घरी सायकलवर येतानासुद्धा मोठ्या रस्त्यानेच यायचे. मी त्यांना लांबचे पाहुणे म्हणायचे.

त्या दुपारी बाबांना नेताना अँब्युलन्स चाळीस मिनिटं अडकली, एवढंच तुला माहीत आहे. त्यासाठीच तू हे काम निवडलंस. दोघींनी मिळून त्या सिग्नलला किती शिव्या दिल्या! सिग्नलचा दोष नव्हता. चालक सरळच निघाला होता. मीच काचेवर हात मारून म्हटलं, डावीकडे घ्या, गल्लीतून लवकर पोचू. तो इथला नव्हता, त्याने ऐकलं, आणि गल्लीच्या टोकाला चौकात आम्ही अडकलो. गाडी वळायच्या आधीपासून बाबा हात उचलून पंजा पुढे ढकलत होते. मला वाटलं, पाणी मागताहेत. मी तो हात धरून खाली ठेवला. तीनदा. बस चालवणाऱ्याची बायको मी; ते 'सरळ चला' म्हणत होते, हे मला घरी परत आल्यावर उमगलं.

गल्ली बंद होऊन चौक मोकळा झाला, तर चूक कुठे झाली ते माझ्या डोळ्यांसमोर रोज दिसत राहील. त्या भीतीने सही केली. सोमवारी ती मागे घ्यायला येते आहे. कारण विचारतील, आणि मी सांगणार आहे. ते तू भरल्या सभागृहात पहिल्यांदा ऐकू नयेस, म्हणून हे पत्र. नंतर माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर घाई करू नकोस. मी थांबेन. आता मला जवळचा रस्ता नको.

तुझीच,
आई