दांडीच्या नटांवरचा लाल रंग

प्रिय आत्या,

परवा तुझ्या मागे करायचं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी गेले, खीर संपली, पांढऱ्या चादरी धुऊन दोरीवर वाळत पडल्या. तुला लिहायचं माझ्या मनात नव्हतं. ज्याचं उत्तर येणार नाही ते पत्र कसलं, असं मला वाटतं. पण परवापासून काहीतरी मला सोडत नाहीये. रडू नाही. रडू कसं असतं ते मला माहीत आहे. ही किळस आहे, आणि ती कागदावर काढल्याशिवाय जायची नाही.

सांगते काय झालं. चटया टाकायला ओसरीत जागा हवी होती, म्हणून शेजारच्या लीलाकाकूने तुझं व्हिडिओ गेमचं मशीन सरकवायला लावलं. सरकवताना मागची फळी निसटली आणि आतून एक बाटली घरंगळत चटईवर आली. नेलपॉलिशची. भडक लाल.

"अवो माय!" लीलाकाकू ओरडली. "इमलबाईच्या घरात हे? नवरा जाऊन एवढे वर्सं झाले, आन् हे कोनासाठी लावून राह्यली होती वं?"

कोणासाठी! मागून कोणीतरी खुदकन हसलं. दुसरी म्हणाली, "कापसाच्या गाडीवाले दिवसभर येतच होते न घरात." भिंतीवर फोटो कोणाचा होता आत्या, आणि त्याच्याखाली बसून या बायका बोलत काय होत्या? हातात खिरीची वाटी, अंगावर पांढरं लुगडं, तोंडात हे. मी मोरीत जाऊन चूळ भरली.

ते मशीन तुला नको होतं, हे त्यांच्यापैकी कोणाला आठवत नाही. मामाजी, तुझा नवरा, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. जिनिंग बंद पडली, तेव्हा अमरावतीत बंद होणाऱ्या एका दुकानातून त्यांनी ते आणलं. "पोट्टे खेळतीन, घर चालंन," म्हणाले. आणि दोनच वर्षांत ते गेले आणि ती माणसाएवढी पेटी तुझ्या ओसरीत उभी राहिली. तुला खेळता येत होतं का गं? मी तुला कधी खेळायची दांडी धरलेली पाहिली नाही. पुसताना मात्र रोज पाहिली.

आणि पुसायला काय कमी होतं! कापूस खरेदी केंद्रासमोर गाड्या दिवसचे दिवस उभ्या असायच्या, ती वर्षं. कापसाला भाव नाही, वजन होत नाही, प्रत ठरवणारा ग्रेडर येतो आणि ओला म्हणून मूठभर कापूस तोंडावर फेकून जातो. बैल झाडाखाली बांधून ती माणसं तुझ्या ओसरीत यायची. मोठी माणसं, मिशीवाली, दांडीला लटकलेली. सुपारी-तंबाखूचा खर्रा चोळलेल्या हातांनीच धरायची. मुठीवर तपकिरी चिकट थर बसायचा. तो घामात मिसळून दांडीच्या भोकातून आत उतरायचा. एकदा मी दांडीखालचं पॅनल उघडलं तेव्हा आत जे दिसलं त्याला नाव नाही. वास होता. सुट्टीत मी तुझ्याकडे यायचे, आणि जेवायच्या आधी दोन वेळा हात धुवायचे, ते यामुळे.

ती माणसं खेळत नव्हती गं. कासरा ओढावा तशी दांडी ओढायची. पडद्यावरच्या पैलवानाला हरवायचं नव्हतं, ग्रेडरची मान पिरगळायची होती. मग दांडीचे चार बोल्ट किती दिवस टिकणार? दांडी डुगडुगायला लागायची. डावीकडे ओढली की पैलवान वर उडी मारायचा, आणि माणूस मशीनला लाथ मारायचा.

आणि तू? पाना घेऊन आवळत बसायचीस.

"आत्या, किती आवळशील?"

"हालनं बंद होयेपर्यंत."

"खाली प्लायवूड आहे. दबून जाईल."

"तू कालेजात शिकून राह्यली न? तेथंच शिक. मले नको शिकवू."

मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होते. मशीन कसं बांधतात हे शिकण्यासाठीच तिथे जात होते, आणि माझी सख्खी आत्या बोल्ट फिरवता फिरवता प्लायवूडचा भुगा करत होती! नट लाकडात रुतायचा, लाकूड दबलं की पुन्हा सैल व्हायचा, तू पुन्हा आवळायचीस. शेवटी लोखंडी पट्टीच वाकली आणि दांडी मध्ये परत येईना. लीलाकाकूचे मालक महादेवकाका आले. कोणी बोलावलं होतं? गालात खर्रा तसाच, हातात एमसील. "चिपकवून टाका न वयनी, झंझटच नाई." आणि तू त्यांना चिपकवू दिलंस! तो राखाडी गोळा खरवडून काढायला मला अख्खी सुट्टी लागली. खरवडताना त्यात त्यांच्या सुपारीचा तुकडा निघाला. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी तुला नीट सांगितलं होतं, आठवतं? घट्ट म्हणजे जोरात नाही. प्लायच्या खाली पत्रा घाल, म्हणजे दाब पसरेल. रुंद वॉशर, त्यावर स्प्रिंगचा वॉशर, मग नट. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही, समोरासमोरचे थोडेथोडे फिरवायचे. आणि शेवटी, नट आणि बोल्टचे आटे जिथे भेटतात तिथे नेलपॉलिशचा थेंब. वाळला की नट धक्क्याने फिरत नाही, पान्याने मात्र सुटतो. शिवाय रंग तडकलेला दिसला की समजतं, नट हलला.

तू माझ्याकडे असं पाहिलंस जणू मी शिवी दिली.

"नेलपालिस? म्या आणाले जाऊ? बांगड्याच्या दुकानात? पागल झाली काय वं! लोकं काय म्हनतीन?"

"नटांना लावायचं आहे, आत्या."

"हे तू सांगशीन दुकानदाराले?"

आणि विषय संपला. मला वाटलं, तू ऐकलं नाहीस. तू कोणाचंच ऐकायची नाहीस.

तर परवा. चूळ भरून मी ओसरीत आले, मशीनच्या खालचा पाना उचलला आणि सगळ्या बायकांसमोर पॅनल उघडलं. पॅनल उलटं करून चटईवर ठेवलं.

आत्या, आत स्वच्छ होतं! खर्र्याचा कण नाही. खाली तेलाच्या डब्याचा पत्रा, पातळ होता म्हणून दुमडून दुहेरी केलेला. वॉशर जागच्या जागी. आणि प्रत्येक नटावर लाल थेंब, एकही तडकलेला नाही. बाटली कुठून आणलीस गं? इथल्या, नेरच्या दुकानातून नक्कीच नाही, दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं. यवतमाळला गेलीस? एवढ्यासाठी बसने?

"हे यासाठी होतं," मी बायकांना सांगितलं. "नट सुटू नयेत म्हणून. मीच सांगितलं होतं तिला."

लीलाकाकू वाकली, नटावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "असं होय! लोखंडाले लावलं काय? मंग ठीक हाये." सगळ्या बायकांचे चेहरे सैल झाले. मंग ठीक हाये! जसं मी तुला कोर्टातून सोडवून आणलं. खिरीच्या वाट्या पुन्हा फिरायला लागल्या, आणि मला पहिल्यापेक्षा जास्त किळस आली. तेव्हा कशाची ते कळलं नाही. मी बाटली उचलून ओढणीत धरली. अर्ध्याहून रिकामी होती. नट मोजून चार. हिशेब मला तिथेच चुकीचा दिसला, पण मी तो मोठ्याने मांडला नाही.

संध्याकाळी आई भांडी घासत होती. तुझी वहिनी, तुला माहीतच आहे, एका दिवसात दहा वाक्यं बोलत नाही. हात न थांबवता म्हणाली, "बरं दाखवलं तू मशीन खोलून."

"हो."

"आन् नखाले लावलं असतं तं?"

मी धुतलेली ताटली पुसायला घेतली.

"तं काय केलं असतं? काय खोलून दाखवलं असतं?"

"आई, लावत होती का?"

तिने पातेलं उपडं ठेवलं. "शेवटची आंघोय घातली तवा पाय म्या धुतले तिचे. बाकीच्याइले म्या हात नाई लावू देल्ला. पांढऱ्या फडक्यात म्याच गुंडायले."

एवढंच. म्हणजे तुझ्या पायांच्या नखांवर रंग होता. लाल. दार लावून, चपलेच्या पट्ट्याखाली, साडीच्या काठाआड, कोणालाही न दाखवता. मला तर नाहीच दाखवलंस! मी तुला नटांना लावायची वस्तू सांगितली आणि तू त्यातून एवढंसं स्वतःसाठी उरवलंस. बाटली सरळ हातात घेता यावी म्हणून तुला मशीनचं निमित्त लागलं का? आणि माझ्यापासून का लपवलंस? मी काय लीलाकाकू आहे? मी विचारते आहे, पण परवा ओसरीत मी जे केलं ते पाहिलं असतंस तर तू हो म्हणाली असतीस, असं वाटतं.

आज सकाळी लीलाकाकू आली. दारातूनच सुरू झाली, "प्रज्ञा, काई चिंता नको करू. म्या कालच साऱ्या वस्तीले सांगून देल्लं. इमलबाई निर्मय होती. नटालेच लावत होती."

मी चहा गाळत होते. म्हणाले, "काकू, नटांनाही लावत होती."

"म्हंजे?"

"नटांनाही."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने पदर तोंडावर घेतला. मागे आईच्या भांड्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, आता आई मला रागावणार, तिने एवढं झाकून ठेवलेलं मी एका शब्दात उघडं केलं. आई बाहेर आली. लीलाकाकूकडे पाहून म्हणाली, "बस न वं लीला. च्या घे." लीलाकाकू बसली नाही. दुपारपर्यंत वस्तीत काय पोचलं असेल त्याचा अंदाज मला आहे. मी खिडकी लावली नाही.

आत्या, मशीन इथेच राहील. दर सुट्टीत येऊन मी पॅनल उघडेन, आत पुसेन, तडकलेला थेंब दिसला तर नवा लावेन. महादेवकाकांचं एमसील या घराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. हे सगळं सोपं आहे, आणि ते मला येतं.

न येणारी गोष्ट वेगळी आहे, आणि वचन तिचंच देते. तुझ्याबद्दल कोणी विचारलं तर मी पुन्हा पाना उचलणार नाही. काही उघडून दाखवणार नाही, कारण सांगणार नाही. "लावत होती," म्हणेन, आणि समोरच्याचं तोंड जसं व्हायचं तसं होऊ देईन.

तुझी,
प्रज्ञा