आधी दार

सोम., ८ जाने. लातूर
दादाचा पुण्याहून फोन. पाऊण तास. सार एवढंच की अप्पांना किल्लारीत एकटं ठेवायचं नाही, फेब्रुवारीत पुण्याला न्यायचं. लकवा मारल्याला पाच महिने झाले. उजवा हात गेलाय, काठीवर पाय ओढत चालतात, बोलताना दोन शब्दांवर गाडी अडते. पण डोकं शाबूत आहे. हे मी म्हणते. दादा म्हणतो, "तुला कसं कळतं?"
भांडून भांडून अट ठरली. अप्पांनी आठ दिवस घर स्वतः चालवून दाखवायचं. दिवे, मोटार, दार, सगळं मोबाईलवरून, कुणाला हाक न मारता. जमलं तर किल्लारी, नाही तर पुणे. मी ताबडतोब हो म्हटलं.
माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना असा की मीच आडवी होऊन चढते. त्यामुळे लातूरचा प्रश्नच नाही.

बुध., १० जाने.
ऑफिसात नांदेडच्या मुलींच्या हॉस्टेलची तक्रार. मोबाईलवरून दिवे-दारं चालवायचं आमचं अ‍ॅप बसवून महिना झाला. रेक्टरबाई एका खोलीतला दिवा घालवायला गेल्या आणि टेस्टच्या आदल्या रात्री भलत्याच खोलीतल्या सहा पोरी अंधारात बसल्या. यादीत लाईट १, लाईट २ असं थेट नव्वदपर्यंत. कुठला कुणाचा, देव जाणे. साहेबांचं उत्तर: "वापरून वापरून सवय होते."
ती यादी मी लिहिलीय. दोन वर्षांपूर्वी, एका दुपारी, चहा येईपर्यंत. आणि तीच दिवाळीत अप्पांच्या मोबाईलवर घालून आले. वर शेजारच्या महानंदा मावशींपुढे काय फुशारकी मारली होती! शरम वाटली.

शनि., १३ जाने. किल्लारी
सकाळच्या बसने आले. अप्पांच्या शेजारी नुसती बसून पाहिलं, बोलायचं नाही असं ठरवून.
त्यांना अंगणातला दिवा लावायचा होता. यादीत अकरा नावं. लाईट १ दाबलं, न्हाणीतला लागला. लाईट ४ दाबलं, मागचा. मग अंगठा घसरला नि मोटार सुरू. टाकी भरून ओसंडली तेव्हा शेजारून मावशींचा आवाज: "अगं शैले, पाणी चाललंय की गं माय सगळं!"
अप्पांनी मोबाईल उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. एवढ्या मोठ्या आपल्या किराणा दुकानात शंभर डब्यांतून अचूक जिरं काढणारा माणूस. मला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली.
दुपारी सगळी नावं बदलली. 'बेडरूम' लिहिलेलं पाहून अप्पा हसले, अर्ध्याच तोंडाने. भूकंपानंतर मिळालेल्या ह्या घरात नकाशावर बेडरूम आहे, पण तिथे आजवर पोती सोडून कुणी झोपलेलं नाही. "पोत्याची," म्हणाले. तर पोत्याची खोली.

रवि., १४ जाने.
संक्रांतीच्या आदल्या दिवशी मावशींकडे तिळाचा वास, आणि मी लॅपटॉप घेऊन ओट्यावर. दिवे एकत्र केले. दिव्यांवर बोट ठेवलं की फक्त दिवे दिसतील, मोटार मध्ये तडमडणार नाही. अक्षरं मोठी. जे सुरू आहे ते पिवळं.
अप्पांनी पहिल्या फटक्यात अंगणातला दिवा लावला. पुन्हा घालवला. पुन्हा लावला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण चेहरा उजळला होता. मला इतका आनंद झाला की मावशींच्या हातचे चार लाडू खाल्ले.
एक खोट. दार यादीत सगळ्यात वर आहे, आणि दर वेळी त्यांचं बोट आधी त्याच्यावर पडतं. खट्ट करून कडी उघडते. अंगठा थरथरतो म्हणून असेल.

शुक्र., १९ जाने. लातूर
आठवडाभराच्या नोंदी पाहिल्या. नावांची चूक एकदाही नाही. पण दार! काल एका दिवसात चौदा वेळा. दिवा घालवायच्या आधी दार, टीव्ही लावायच्या आधी दार, गिझरच्या आधी दार. शेळ्या आत शिरतात म्हणून पाच मिनिटांनी कडी आपोआप लागते, असं मीच करून ठेवलंय. ती लागली की पुढच्या कामाआधी हे पुन्हा उघडणार.
दादालाही सूचना जातात. संध्याकाळी फोन: "चौदा वेळा, शैला! कोण येतंय, कोण जातंय? डोकं शाबूत आहे म्हणे. मी तिकिटं काढतोय."
म्हटलं, काढ. आठ दिवस अजून सुरू व्हायचेत.
फोन ठेवून कामाला लागले. दार आता यादीत सगळ्यात खाली. शिवाय दाबल्यावर विचारणार: नक्की उघडायचं?

मंगळ., २३ जाने.
जेवणाचा डबा उघडला नाही आज.
नोंदी अशा: संध्याकाळी सहा दहाला यादी उघडली. खाली, खाली, अगदी तळापर्यंत गेले. दार. नक्की? हो. मग पुन्हा सगळं वर आले नि देवघरातला दिवा लावला. मिनिटाच्या वर लागलं. डाव्या अंगठ्याने. असं दिवसात बारा वेळा.
चुकून कुणी एवढे कष्ट घेत नाही. मी त्यांच्या वाटेत धोंडा टाकला आणि ते रोज बारा वेळा तो ओलांडतायत, तक्रार न करता.

शुक्र., २६ जाने. किल्लारी
झेंडावंदनाची सुट्टी. सरळ विचारलं.
"अप्पा, दार कशाला उघडता दर वेळी?"
"आधी... दार."
"पण का?"
माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारतेय, माणसाने श्वास का घ्यायचा.
मावशी भाकरी घेऊन आल्या. त्यांना बाहेर अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाठलं. आधी टाळाटाळ. मग खाली बसल्या नि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "तुला न्हाई सांगितलं कुणी? विसर्जनाची रात्र. तुजे अप्पा गणपती बुडवून आले, मंडपातच आडवे झाले. आत तुमी तिघं. तुजी आई आतून कडी लावून निजलेली. हादरलं तशी चौकट दबली, कडी काय निघंना. हे बाहीरनं ढकलायलेत, ती आतनं वढायलीय. तुमा दोघाला वरनं माती उकरून काढलं. तिला न्हाई." उठता उठता, "तवापस्नं हा माणूस बंद दाराआड निजला न्हाई बग, हितंच शेडात निजायचा. ह्या थंडीत डागदरनं आत घातलं म्हणून आत हाय."
मी तीन वर्षांची होते. आई भूकंपात गेली, एवढंच माझ्यापाशी होतं. कडीचं कुणीच बोललं नाही. दादा तेव्हा आठ वर्षांचा. त्याला आठवत असणार. तोही नाही.
खूप रडले, न्हाणीत जाऊन. बाहेर आले तर अप्पा मोबाईलवर तळापर्यंत चालले होते.

शनि., २७ जाने.
आता यादी मी लावायची नाही, ज्याची त्याने लावायची.
बोटाने धरून सरकवणं त्यांना जमत नाही. मग जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अकरा नावं लिहून चिठ्ठ्या फाडल्या, पाटावर मांडल्या. डाव्या हाताने एकेक सरकवत बसले. पाऊण तास. मी मध्ये बोलायचं नाही म्हणून शेंगा फोडत बसले.
देवघरातला दिवा. अंगणातला. मोटार. न्हाणीतला. टीव्ही. पोत्याची खोली शेवटी. दाराची चिठ्ठी मात्र हातातच. मी म्हटलं, "सगळ्यात वर ठेवू?" मान हलवली, नाही. चिठ्ठी प्रत्येक नावाच्या शेजारी नेऊन टेकवली. एकेकाच्या शेजारी, दहाही वेळा.
"सगळीकडं," म्हणाले.
कळलं. दार यादीत नकोच. अ‍ॅपचं कुठलंही पान उघडा, ते डोक्यावर उभं पाहिजे. ते 'नक्की?' पण काढून टाकलं.
मग त्यांचा एक प्रश्न: "लाईट... गेली?"
"लाईट गेली, इन्व्हर्टर संपला, तर कडी आपोआप उघडते, अप्पा. तशीच घेतलीय." बराच वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले.

बुध., ३१ जाने. लातूर
साहेबांना नवी यादी दाखवली. नावं, गट, ज्याची त्याने लावायची सोय, इथवर खूश. डोक्यावरचं दार पाहून: "हे कशाला? एका म्हाताऱ्यासाठी सगळं अ‍ॅप बदलायचं काय?"
मी विचारलं, नांदेडला रात्री मुख्य दार रेक्टरबाईंच्या मोबाईलवरून बंद होतं ना? आत किती पोरी? दीडशे. ते दार यादीत कितवं आहे, शोधून दाखवा.
शोधत राहिले. एक्केचाळिसावं निघालं.
"तुम्ही किल्लारीच्या, नाही का," एवढं म्हणाले, आणि मग, "करा." सोमवारी नांदेडला जाऊन स्वतः घालून येणार. रेक्टरबाईंच्या शेजारी बसून, बोलायचं नाही, नुसतं पाहायचं.

शनि., ३ फेब्रु.
आठ दिवस आजपासून. दादाला बजावलं, दार किती वेळा हे मोजायचं नाही. "का?" म्हणाला. फोनवर सांगवेना. "आलास की बोलू." शेवटच्या दिवशी तो स्वतः येणार आहे.

बुध., ७ फेब्रु.
पाच दिवस पार. एकही हाक नाही. आज दुपारी मात्र अप्पांचा फोन. पलीकडून, "मोटार... बंद केली."
"बरं. मग?"
"काई न्हाई." फोन बंद.
दादा म्हणतो, हा फोन हाक म्हणून धरायचा का? मी म्हटलं, मदत मागितली का त्यांनी? स्वतःचं कौतुक सांगायला केला होता.

शनि., १० फेब्रु. किल्लारी
दुपारी दादा आला, गाडीने. आल्या आल्या आत शिरला नि सवयीने दार लोटून कडी घातली. अप्पा पलंगावर. मोबाईल उचलला. खट्ट, उघडी. दादाने पुन्हा लावली: "ऊन येतंय, अप्पा." खट्ट. तिसऱ्यांदा दादाचा हात कडीवर गेला नि तिथेच राहिला.
मी सांगायला तोंड उघडलं. म्हणाला, "माहीत आहे मला." कडी सोडली, दाराला टेकून खालीच बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी हॉलमध्ये झोपतो पुण्यात. दारापाशी. तुझी वहिनी चिडवते." मीही चिडवलंय त्याला त्यावरून, दर दिवाळीत.
संध्याकाळी त्याने अंथरूण उंबऱ्यालगत ओढलं. दार सताड उघडं, शेळ्यांसाठी आडवी खुर्ची. आठ दिवस पुरे झाले.

रवि., ११ फेब्रु.
चहाच्या वेळी दादाने विषय काढलाच. "जमलं तुम्हाला, मान्य. पण परत काही झालं तर, अप्पा? माझ्या जिवाला घोर लागतो तिथे."
अप्पांनी कप खाली ठेवला. शब्द गोळा करायला वेळ लागला, आम्ही दोघे थांबलो.
"तुजं घर... कितवा मजला?"
"अकरावा."
मान हलवत राहिले. मग डावा हात दादाच्या गुडघ्यावर.
"तूच... ये हितं."
दादा संध्याकाळी सातला निघणार होता. आता पावणेनऊ झालेत. गाडी दारात आहे, पिशवी गाडीत आहे, आणि दोघे शेडमध्ये बसलेत. काय बोलतायत ऐकू येत नाही. मी बाहेर गेलेले नाही.