झोटिंग मास्तरचं हसू

लोअर हट (वेलिंग्टनच्या बाजूला),
न्यूझीलंड.
३ नोव्हेंबर, भाऊबीज

तीर्थरूप शकुताईस,

तुझा धाकटा मामेभाऊ शशिकांत याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण आठांपैकी पाचच अंगं सध्या जमिनीपर्यंत पोचतात. उरलेल्या तिघांना इथल्या डॉक्टरीणबाईंनी मनाई केली आहे, तेव्हा जेवढा पोचेल तेवढा गोड मानून घे. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं सुशीलकडून कळलं. (तो तुझा मुलगा असूनही माझ्या मेसेजला उत्तर देतो, यावरून त्याच्यावर चांगले संस्कार झालेत, आणि ते तूच केले असणार.) फोनच केला असता, पण गेल्या चाळीस वर्षांत माझा आवाज ऐकून तू किती वेळा फोन ठेवलास ते मोजणं मी मागेच सोडून दिलं. म्हणून हाताने पत्र लिहितोय. सुशीलला त्याचे फोटो पाठवीन, तो मिरजेत प्रिंट काढून तुझ्या उशाशी ठेवेल. गुडघ्यामुळे तुला सध्या ताडकन उठून जाता येत नाही, हेही मी लक्षात घेतलं आहे.

आमचं म्हणशील तर बरं आहे. म्हणजे थकलोय. लेकीकडे राहायला येऊन तीन वर्षं झाली. स्वानंदी सकाळी ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसात जाते, जावई यतीन घरातच एका खोलीत बसून ऑफिस करतो, अनुराधा भाजी निवडता निवडता मला कामं सांगते, आणि मी नऊ वर्षांच्या ईशाला शाळेतून आणतो. ही आमची नात. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. मी तिचा नाना. या घरात माझ्यावर विश्वास ठेवणारं हे एकच माणूस होतं, आणि त्या विश्वासाचं परवा जे झालं ते तुला सांगायला बसलोय.

इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी हॅलोविन असतं, म्हणजे मुलं भुतं होऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. मूळ ज्या देशांत हा प्रकार निघाला तिथे तेव्हा पानगळ असते, अंधार लवकर पडतो. इथे सगळं उलटं. ऐन वसंत, अंगणात गुलाब, आणि संध्याकाळी आठपर्यंत लख्ख ऊन. त्यामुळे इथली भुतं नाकाला सनस्क्रीन लावून निघतात. मी एका चेटकिणीला तिच्या आईने परत बोलावून टोपी घालायला लावलेली पाहिली आहे. अशा उन्हात कोण घाबरणार, असं मी एकदा जेवताना म्हणालो, आणि तिथेच फसलो. ईशाने विचारलं की मग खरं भूत कसं असतं. मी सांगून टाकलं की एके काळी मुंबईच्या टीव्हीवर मी भूत होतो.

यात खोटं काहीच नाही, तू साक्षीदार आहेस. शनिवारी संध्याकाळी मुलांच्या कार्यक्रमात तेरा भाग 'झोटिंग मास्तर' लागायचं. चिंचेवर राहणारं भूत येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून पाढे विचारतं, चुकलं की गडगडाटी हसतं. डोक्यावर कागदाच्या लगद्याचं ते भलंमोठं मुंडकं, अंगात काळा कोट, खाली धोतर, आणि या सगळ्याच्या आत मी. (पगार बँकेचा, हौस टीव्हीची.) दादरला भाजी घेताना लोक मला ओळखायचे नाहीत हे खरं, कारण मुंडकं घरी असायचं. पण पोरं एकोणतीसचा पाढा कशाच्या भीतीने पाठ करायची, तर त्या हसण्याच्या. हे सगळं मी ईशाला रंगवून सांगितलं. तिने शांतपणे टॅबलेट आणला, शोधलं, आणि म्हणाली की तिथे काहीच नाही. मी म्हणालो, असणार कसं. तेव्हा टेप महाग, त्याच पुन्हा वापरायचे. आमच्या झोटिंगावर पुढे सोयाबीनच्या लागवडीची चर्चा रेकॉर्ड झाली असणार.

आमच्या शेजारी ग्रॅहम म्हणून एक गृहस्थ राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. पूर्वी एका बँडमध्ये ऑर्गन वाजवत गावोगाव फिरायचे, जांभळे झालरीचे शर्ट घालून. त्र्याहत्तर साली, इथे टीव्हीचं एकच चॅनल होतं तेव्हा, ते एकदा टीव्हीवर झळकले. ती टेपही पुसली गेली. आम्ही दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून आपापल्या पुसलेल्या कीर्तीबद्दल बोलतो. त्यांचं मराठी शून्य, माझं इंग्रजी बँकेचं, पण विषय एकच असल्यामुळे अडत नाही. (अनुराधा म्हणते, दोन रिकामे डबे एकमेकांवर आपटतायत. बायको अशी असावी की बाहेर कोणी अपमान केला तर नवल वाटू नये.)

इकडे ईशाने वर्गात जाहीर केलं की तिचे नाना भारतातले टीव्हीवरचे खरे भूत आहेत. वर्गाने "येह, राइट" म्हणून उत्तर दिलं. हे इथलं फार वाईट उत्तर आहे, दिसायला होकार आणि आत साफ नकार. तेव्हा ती म्हणाली की हॅलोविनला आमच्या गल्लीत या, नाना सगळ्यांसमोर हसून दाखवतील. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. ग्रॅहमनी त्यांचं गॅरेज देऊ केलं, काळे पडदे लावले, बावीस पोरांना निमंत्रणं गेली, आणि पोरीचा शब्द माझ्या घशात अडकला.

तालमीचं काय सांगू. रोज दुपारी मी गॅरेजमध्ये हसायचो आणि ग्रॅहम मागे ऑर्गन लावायचे. पहिल्या दिवशी त्यांनी वाजवणं थांबवून पाणी आणून दिलं. तिसऱ्या दिवशी खिडकी उघडी राहिली आणि यतीनच्या चालू मीटिंगमध्ये ते हसू गेलं. तिकडल्या साहेबाने विचारलं म्हणे की घरी कोणी आजारी असेल तर आज राहू दे. मी मध चाटला, आल्याचे तुकडे चघळले, मिठाच्या गुळण्या केल्या. काही केल्या आवाज छातीच्या खाली उतरेना. मुंडक्यासाठी मी पंधरा दिवसांचे जाहिरातींचे कागद भिजवून लगदा केला. तो वाळवायला ठेवला तर अनुराधाने शेणी समजून बागेत गुलाबांना घातला. शेवटी यतीनच्या मोटरसायकलच्या हेल्मेटला दाढी चिकटवली.

आणि नेमकी हॅलोविनच्याच दिवशी नरकचतुर्दशी आली. पहाटे अभ्यंगस्नान, कारीट मिळालं नाही म्हणून किवीफळ पायाखाली फोडलं (ते चिरडत नाही, पाय घसरतो), आणि संध्याकाळी पाचपासून दारात भुतं. इथली रीत अशी की मूल उंबऱ्याबाहेर उभं राहतं, आपण पिशवीत चॉकलेट टाकतो, ते पळतं. दहा सेकंदांचं काम. पण उंबऱ्यावरून द्यायचं नाही, ही अनुराधेची रीत. त्यातून दिवाळीचा दिवस, आलेल्याला दारातून घालवायचं तर अजिबातच नाही. तिने पहिल्या सांगाड्याला आत घेतलं, चपला काढायला लावल्या, सोफ्यावर बसवलं, आणि समोर बशी ठेवली. बशीत चकली, शेव, करंजी, दोन शंकरपाळे. मग नाव काय, आईबाबा काय करतात, भावंडं किती. चेटकीण आली तिला कुंकू लावलं. चकलीने सांगाड्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्याला ताक दिलं. अर्ध्या तासात दिवाणखान्यात एकोणीस भुतं मांडीवर बशा घेऊन ओळीने बसली होती, आणि बाहेर एकोणीस जोड जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता. गल्लीत एक पोर दिसेना म्हणून आईबाप शोधत आले. त्यांनाही बसवलं, चहा टाकला. मी हेल्मेट घालून स्वयंपाकघरात दूध तापवत उभा होतो, कारण ऐनवेळी माझ्याशिवाय मोकळं कोणी नव्हतं.

सात वाजता सगळी वरात फराळ आटोपून एकदाची गॅरेजमध्ये गेली. ग्रॅहम जांभळा शर्ट घालून बसले होते. (बटणं लागत नव्हती, पण झालरीने भागवलं.) ईशा पुढे उभी राहिली आणि तिने मला जाहीर केलं. असं आपल्याला आजवर कोणी जाहीर केलं नव्हतं, शकुताई. ऑर्गन घुमला, मी पडद्यामागून बाहेर आलो, सत्रा नव्वे विचारलं, कोणाला आलं नाही, आणि मी तोंड उघडलं.

चार वेळा दोरी ओढूनही चालू न होणारं गवत कापायचं मशीन जसं वाजतं, तसा आवाज आला. मग खोकला. हेल्मेटची काच वाफेने धुरकटली आणि मला काही दिसेना. कोणीतरी मला खुर्चीवर बसवलं, ती एका मुलाची आई, नर्स होती. तिने माझी नाडी धरली. एवढं शांत भुताटकीचं घर मी पाहिलं नव्हतं. त्या शांततेत ईशा म्हणाली, "दॅट्स जस्ट हिज वॉर्म-अप. द रिअल वन इज कमिंग फ्रॉम इंडिया." मागून एक बारकं भूत म्हणालं, "येह, राइट."

रात्री मी तिचे केस विंचरत असताना तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. हळूच विचारलं, "नाना, वॉज इट रिअली यू?" आणि मी हो म्हणालो. तेव्हापासून मला झोप नाही. थकवा थकवा म्हणतो तो हा.

असो. गुडघ्याला जप, व्यायाम चुकवू नकोस. सुशील, सूनबाई, मुलं यांना आशीर्वाद. अनुराधा नमस्कार सांगते. (मी पत्र लिहितोय हे तिला माहीत नाही, पण माहीत असतं तर सांगितला असता.)

तुझा,
शशिकांत

ता. क. : मुद्द्याचं लिहायचं राहिलं. त्या मुंडक्यातून माझं हसू बाहेर येत नव्हतं हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. तू धोतराला टाके घालायला स्टुडिओत आली होतीस, मी चिंचेवरून खाली तोंडावर आपटलो, आणि तू अशी हसलीस की निर्मात्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, हेच पाहिजे. पुढचे सगळे भाग तू सेटच्या मागे माइक धरून हसलीस आणि मी आत नुसता पोट हलवत राहिलो. मुंबईतली पोरं घाबरली ती तुला. तर तेवढं हसू फोनवर रेकॉर्ड करून पाठवशील का. मी फक्त लावेन, कोणाचं आहे ते सांगणार नाही. एकदा पोरीचा शब्द राहू दे.

ता. क. २ : वरचं वाचून माझीच मला लाज वाटली. तेव्हाही मी हेच केलं होतं. कार्यक्रमाच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीवर जागा नाही असं तुला सांगितलं, पण निर्मात्यांनी मला विचारलं होतं, आणि हसणं धरून सगळं माझंच आहे असं मीच म्हणालो होतो. पाटीवर जागा होती, शकुताई. हे तुला कळलं होतं म्हणून तू बोलणं टाकलंस, आणि मी चाळीस वर्षं तुला शीघ्रकोपी म्हणत राहिलो. मला माफ कर. आज भाऊबीज आहे, ओवाळणी म्हणून तुझं नाव तुला परत करतो. फार उशीर झाला आहे, मला कळतं.

ता. क. ३ : पत्राचे फोटो काढायच्या आधी काल रात्री ईशाला उठवून सगळं खरं सांगितलं. वाटलं होतं, आता माझ्याकडे पाहणार नाही. ती गादीवर उठून बसली आणि म्हणाली, "द मॉन्स्टर वॉज अ गर्ल?" मग तिने टाळ्या वाजवल्या. माझी चौकशी तिथेच संपली. आज सकाळी शाळेत बाईंना विचारूनही झालं आहे. येत्या गुरुवारी दुपारी दोन वाजता, म्हणजे तुझ्याकडे सकाळी साडेसहाला, सगळा वर्ग व्हिडिओवर तुझी वाट बघेल. ग्रॅहम ऑर्गन घेऊन येणार आहेत. मला फक्त वर्गात उभं राहायला सांगितलं आहे. या वयात आणि या गुडघ्याने तुला मुद्दाम हसू येणं कठीण, याची मला कल्पना आहे, म्हणून बाईंकडे मी आधीच एक स्टूल मागून ठेवलं आहे. त्यावर चढून मी कॅमेऱ्यासमोर आपटेन. खाली जाजम आहे. तू फक्त फोन ठेवू नकोस.