खिडकीला काच बसवू नये

देवाचे स्मरण करून लिहिते की, मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक पास, काम घर सांभाळणे. माझी बुद्धी शाबूत आहे. सूनबाई आज सकाळी घरभर चष्मा शोधत होती, तो मीच तिच्या डोक्यावरून काढून दिला. मला कोणाचा धाक नाही. धाक घालणारे सगळे माझ्या आधी गेले. माझ्या मागे खालीलप्रमाणे करावे.

१. ह्यांनी माझ्या नावे केलेले दोन खोल्यांचे घर मुलगा व मुलगी यांना निम्मे निम्मे. मुलाने मला सांभाळले, म्हणून त्याला जास्त, असे कोणी सुचवू नये. मीही त्याला सांभाळले आहे, आणि तो लहानपणी फार रडका होता.

२. बँकेतील ठेव मुलीची. तिच्या व्याजातून आधी माझ्या फोनचे रिचार्ज करावे. कारण पुढे येईल.

३. माझा पितळी डबा नणंदेकडे आहे. "दोन दिवसांत आणते गं वहिनी," म्हणून नेला, त्याला वीस वर्षे झाली. तिला क्षमा केली आहे, डबा तिलाच राहू द्यावा. झाकण माझ्याकडे आहे. ते देऊ नये.

४. कासव. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू घर सोडताना खोक्यात ठेवून गेले, ते मी घेतले. चाल अगदी माझ्या सासऱ्यांची, मानही तशीच बाहेर काढून बघणार, म्हणून घरात सगळे त्याला मामंजी म्हणतात. मला कासवाची काहीही माहिती नव्हती. सूनबाईने फोनवर कासव पाळणाऱ्यांचा एक गट लावून दिला. तिथे मी विचारायची आणि लोक सांगायचे.

कासव आल्यावर सातव्या महिन्यात गटावर एकाने मलाच विचारले, "काकू, तुमच्याकडे कसं ठेवता?" मला या घरात चाळीस वर्षांत "मीठ कुठे आहे" याच्या पलीकडे कोणी काही विचारले नव्हते. मी बसून व्यवस्थित लिहिले: उन्हाऐवजी लावायच्या महागड्या दिव्यांवर खर्च करू नका. माझे कासव रोज सकाळी दोन तास पूर्वेच्या खिडकीत बसते. ऊन देवाने फुकट दिले आहे. पाठ दगडासारखी टणक आहे.

लोकांनी ते उचलले. कोणीतरी ते गटावर सगळ्यात वर "अनुभवी काकूंचा सल्ला" अशा मथळ्याने लावले. ते मी खोडायला सांगितले नाही. मला आवडले होते, हे देवापुढे कबूल केले आहे, इथेही करते.

मग शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा निरोप आला. "काकू, तुम्ही सांगितलं तस्संच करते. पण याची पाठ दाबली की आत जाते हो." मी कळवले, दोन तासांऐवजी चार तास खिडकीत ठेवा. पंधरा दिवसांनी त्यांचे कासव गेले.

तेव्हा मी मामंजींना पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "आजी, काचेतून ऊब येते. पण हाडं आणि पाठ घट्ट करणारं जे उन्हात असतं ना, ते काच अडवते. बंद खिडकीत चार तास काय, दिवसभर ठेवलं तरी उपयोग नाही."

"मग आमचं कसं धडधाकट?"

"तुमच्या खिडकीला काच आहे ना?"

नाही. काच ह्यांनी शिडी लावताना फोडली, जायच्या वर्षभर आधी. त्यावरून मी त्यांना शेवटपर्यंत टोचून बोलले, आणि नवीन बसवायला पैसे मात्र काढले नाहीत. जुन्या चाळणीची जाळी ठोकली. डॉक्टर हसले. "आजी, तुमचा चिकटपणा याला पावला." मला हसू आले नाही. काच नाही, एवढेच माझे लिहायचे राहिले होते.

घरी येऊन फोन उघडला तर बाईंचा निरोप होता. "काकू, वाईट वाटून घेऊ नका, माझ्याच हातून काही चुकलं असेल. दुसरं पिल्लू आणलंय. त्याच खिडकीत ठेवते. तुमचा सल्ला शेजारीच भिंतीला चिकटवलाय." मी तत्काळ लिहिले, काच उघडा. ते पोचले नाही. बाई गट सोडून गेल्या आहेत, त्यांचा फोन बंद लागतो. गाव ठाऊक नाही. नाव "आवडती शिलाई" एवढेच.

गटावर मी तीनदा दुरुस्ती टाकली. खाली एकाने लिहिले, "काकू, आधी अनुभवी काकूंचा सल्ला वाचा."

५. म्हणून मामंजी सूनबाईला. ती म्हणाली, "आई, हे माझ्या गळ्यात नका हो मारू. हा मलाही पुरून उरेल." मी म्हटले, तुझ्या गळ्यात नाही, खिडकीत. पहिल्या तारखेला वजन करून माझ्या वहीत लिहावे. वजनकाटाही तिलाच. त्या खिडकीला काच बसवू नये. मुलाला थंडी वाजली तर स्वेटर घालावा.

६. फोनही सूनबाईला, नंबर बंद पडू देऊ नये. बाईंना रोज एकदा फोन लावावा, मी लावते तसा. लागला तर "काकू गेल्या" हे नंतर सांगावे, आधी "काच उघडा" म्हणावे. बाकी कोणी काही विचारले तर "मला माहीत नाही, डॉक्टरांना दाखवा" एवढेच लिहावे.

७. दुरुस्ती कोणी वाचत नाही. मृत्युपत्र मात्र, आपला वाटा शोधायला का होईना, लोक शेवटपर्यंत वाचतात, म्हणून सगळे इथे लिहिले. वाचणाऱ्याच्या घरी कासव असेल, तर त्याने उठून आधी खिडकी उघडावी. वाटण्या नंतर.

हे मी स्वतः लिहिले, वाचले व खालील दोघांसमक्ष सही केली.

लिहिणार: सही (काकू, अनुभवी नव्हे)

साक्षीदार पहिले: सही, जनावरांचे डॉक्टर
साक्षीदार दुसरे: सही, काचवाले. मुलाने खिडकीचे माप घ्यायला बोलावले होते. माप घेतले नाही.

स्थळ: स्वयंपाकघर, खिडकीपाशी
दिनांक: चालू महिन्याची पहिली तारीख. मामंजींचे वजन एक किलो दोनशे दहा. पाठ टणक. बाईंना फोन लावला, बंद आहे.