छोट्या लाइनीचं इंजिन

२१ सप्टेंबर २०२५

पुन्हा गच्च! नुसती चाकं झकास फिरतात, बाजूचे दांडे लावले की अर्ध्या फेऱ्यात अडकतात. एका बाजूच्या चाकाचा खिळा दुसऱ्या बाजूच्या खिळ्याशी बरोब्बर काटकोनात हवा. केसाएवढी चूक झाली तरी सगळं जखडतं. प्रितम नुसत्या नजरेनं लावायचा. मी चिमटा धरून बसायची आणि त्याला चिडवायची — एवढा बाप्या झालास, खेळणी काही सुटली नाहीत!

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये डेंगीनं त्याला नेलं. मागे राहिलं हे इंग्लंडहून मागवलेल्या किटचं वीतभर पितळी नॅरोगेज इंजिन, अर्धवट. आणि मी, अड्याळच्या या घरात.

नागपूरच्या लॅबनं माझी जागा एक नोव्हेंबरपर्यंत धरून ठेवली आहे. सासूबाईंनी सगळ्यांसमोर अट घातली — “माझ्या लेकाचं काम अर्धं टाकून जाऊ नोको. इंजिन चालव, मंग जा.” प्रितमचे मोठे भाऊ, माझे भासरे, लगेच ‘हो’ म्हणाले. या घरात त्यांचाच शब्द चालतो. ‘हो’ कशाला म्हणाले, ते कळतं मला! बाईच्या हातून इंजिन कुठलं होतंय, एवढंच.

२४ सप्टेंबर

इंजिनाला हात लावला नाही. भासऱ्यांकडे धानाचे व्यापारी. दिवसभर चहा, नुसता चहा.

२८ सप्टेंबर

फिरलं! फिरलं! पाटावर रूळ ठोकले होते, त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. न अडखळता. मी एकटीच टाळ्या वाजवल्या, मग रडले. प्रितम असता तर शेजारीपाजारी बोलावून आणले असते त्यानं.

सासूबाई दारातून पाहत होत्या. जवळ येऊन बसल्या. “असंच होतं छोट्या लाइनीचं इंजिन. नवी नवरी होतो तवा याच गाडीनं भिवापूरले माहेरी जात होतो. डोळ्यात कोळसा जाये.” इतकं सलग त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. वाटलं, आता म्हणतील — जा पोरी.

तर म्हणतात कशा, “पन रंग कोठी हाये? शिट्टी कोठी हाये? पुरं नाही झालं अजून.”

अस्सा राग आला! शिट्टी म्हणे! तांदळाच्या दाण्याएवढी शिट्टी, ती चिकटवल्याशिवाय माझी सुटका नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

काय लिहू? अंगणात ट्रॅक्टर, विळे, धानाचा वजनकाटा, सगळ्यांची पूजा मांडली. मी आत पुरणाचं पाहत होते. सासूबाईंनी माझ्या खोलीतून इंजिन नेलं आणि ट्रॅक्टरच्या शेजारी ठेवलं. हळद लावली, कुंकू लावलं, वर मूठभर अक्षता. तेलाच्या जागी कुंकवाचा चिखल झाला. एक दाणा थेट आतल्या दातेरी चाकांत. संध्याकाळी बटण दाबलं तर घर्रर्र, आणि जळका वास.

भासरे हसले. “झालं! आता पुढच्या दसऱ्याले पाहू.”

मी सासूबाईंना तोंडावर विचारलं, “तुम्ही मुद्दाम केलं ना?” सणाच्या दिवशी, सगळ्यांदेखत. त्या एवढंच म्हणाल्या, “हत्याराची पूजा कराव नाही का वो? लेकाचं हत्यार हाये.”

माझा विश्वास बसत नाही. त्यांना मला इथंच ठेवायचं आहे, म्हातारपणी पाणी द्यायला.

९ ऑक्टोबर

सगळं खोललं. मोटार थोडक्यात वाचली. एकेक दात पेट्रोल आणि ब्रशनं साफ करतेय. सासूबाई समोर येऊन बसतात, स्क्रूची वाटी धरतात. माफी नाही, काही नाही.

भाजी आणायला जायचं तरी विचारावं लागतं. फाटकाला कुलूप, किल्ली भासऱ्यांच्या कमरेला. श्वास कोंडतो माझा इथं.

दुपारी सासूबाई भासऱ्यांकडे गेल्या. भिवापूरच्या बहिणीला भेटून येते म्हणाल्या. “कायले? आता काय वय हाये का फिराचं?” त्यांनी मान वर न करताच म्हटलं. सासूबाई चुलीपाशी परत आल्या. बरं झालं, असं मनात म्हटलं मी. खोटं कशाला लिहू?

१९ ऑक्टोबर

काळा रंग दिला. कठड्याची तार बसवली. शिट्टीसुद्धा!

२४ ऑक्टोबर

मंडई, भाऊबिजेनंतरची गावजत्रा. गाव पाहुण्यांनी भरलंय, आमच्याकडेही पंगती. जेवणं झाल्यावर मी पाट सर्वांमध्ये ठेवला आणि इंजिन सोडलं. काय धावलं! पाहुणे वाहवा करत होते. मी पदर खोचून उभीच राहिले आणि म्हटलं, “भाऊजी, अट पुरी झाली. एक तारखेला जाते.”

“धानकटाई तोंडावर हाये अन् ही नागपूरले चालली! पाहू नंतर.” आणि पाहुण्यांना पान पुढे केलं. संपला विषय.

मी सासूबाईंकडे पाहिलं. अट त्यांची होती ना! त्या खरकटी ताटं उचलून आत गेल्या. इतकी एकटी मी प्रितम गेला तेव्हाही नव्हते.

२९ ऑक्टोबर

ठरलं. कुणाला विचारणार नाही. कापणीच्या मजुरांसाठी आता पहाटेच फाटक उघडतात. पहिली एसटी भंडाऱ्यापर्यंत, तिथून नागपूर. कपड्यांची एकच पिशवी. इंजिन इथंच राहू दे, सासूबाईंना त्यांचा लेक लखलाभ.

३१ ऑक्टोबर, एसटीत

स्टँडवर सासूबाई माझ्या आधीच बसलेल्या. डोक्यावरून पदर, मांडीवर बोचकं. वाटलं, न्यायला आल्या परत.

“एवढा वेळ काहून लावला वो?” म्हणाल्या. “पिशवी भरताना पाह्यलं होतं तुले. तू गेल्यावर मी त्या घरी एकटी काय करू? म्हनून तुले अडवून राहिलो होतो. आता मले बी ने.”

कंडक्टरला म्हटलं, दोन भंडारा द्या.