आई सीरियस

४ मे २००१, शुक्रवार. सुट्टी.
आजपासून इंग्रजीतच विचार करायचा. इंटरनेट सिटीतल्या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीचं इंटरव्ह्यूचं पत्र आलं! मंगळवार, १५ तारीख, सकाळी दहा. कंपनीचं नाव इथेही लिहीत नाही. रूममेट प्रकाशला लोकांच्या वह्या चाळायची खोड आहे.
इथे आखातात, जबल अली बंदरातल्या गोदामात तीन वर्षं खोक्यांचे नंबर कॉम्प्युटरवर चढवतोय. म्हणजे तीन वर्षांचा आयटी एक्स्पिरियन्सच की.
ओरिजिनल पासपोर्ट आणा म्हणतात. किरकोळ बाब.

६ मे.
किरकोळ नाही. पासपोर्ट आल्या दिवसापासून आमच्या ऑफिसच्या तिजोरीत. किल्ली व्हिसाची कामं बघणाऱ्या खैरुद्दीनकडे. तो म्हणाला, फॉर्मवर कारण लिहा. इंटरव्ह्यू लिहिलं तर आहे तीही नोकरी खलास.
इंग्रजी विचार उद्यापासून.

७ मे.
कारण लिहिलं: ‘मदर सीरियस’. आई कोकणात ठणठणीत आहे, तिला कळायचंही कारण नाही. पासपोर्ट घ्यायचा, इंटरव्ह्यू द्यायचा, आईला बरं वाटलं म्हणून परत करायचा. असं डोकं गोदामात वाया जातंय.

८ मे.
मॅनेजर रामेश्वरसरांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, पकडलो गेलो. त्यांनी मिठीच मारली. त्यांची आई गेली तेव्हा त्यांना वेळेवर पोचता आलं नव्हतं म्हणे. डोळे पुसत पंधरा दिवसांची इमर्जन्सी रजा मंजूर केली, वर कंपनीचं तिकीट. मी नको नको म्हणालो. ते म्हणाले, हिंमतवाला आहेस.

१० मे.
तिकीट आलं. मंगळवार, १५ तारीख, सकाळी साडेनऊ. त्याआधी सीटच नाही.
बुधवारी जातो म्हटलं. सरांनी विचारलं, आईला एक दिवस थांबायला सांगणार आहेस का?
बूथवरून अमेरिकन कंपनीला फोन केला. तारीख बदलता येते का बघतो म्हणाले, इन्शाल्ला.
काळजी नाही. मंगळवारी बॅग घेऊन निघायचं आणि एअरपोर्टऐवजी थेट इंटरनेट सिटी.

१३ मे.
अमेरिकन कंपनीचा फोन नाही. गोदामात बातमी पसरली. सगळ्यांची पार्सलं माझ्याकडे. टँग, टॉर्च, बाम. रूममेट प्रकाश आमच्या शेजारच्याच गावचा, त्यानं आपल्या आईसाठी भलंमोठं ब्लँकेट दिलं. घरी फोन करून माझ्या आईचं सांगितलंय म्हणाला. मी त्याला थँक्यू म्हटलं.

१४ मे.
पासपोर्ट रात्री मिळणार नाही. खैरुद्दीन म्हणाला, नियम आहे, एअरपोर्टच्या दारात हातात देणार. आणि सोडायला रामेश्वरसर स्वतः गाडी घेऊन येणार.
तरी टाय बांधूनच निघायचं. काहीतरी मार्ग निघेल.

१५ मे, सकाळी १०.
विमानात आहे. इमिग्रेशन पार होईपर्यंत सर काचेमागून हात हलवत होते. ओरिजिनल पासपोर्ट अखेर खिशात आहे. आत्ता तिकडे माझं नाव पुकारत असतील. रडू येतंय. शेजारच्या बाईंना वाटलं, आईमुळे. त्यांनी आपली बडीशेप दिली.

१७ मे, गुरुवार. घरी.
माझ्याआधी प्रकाशचा फोन पोचला होता. आई अंगणात आमसुलं वाळत घालत होती आणि ती सीरियस असल्याचं तिलाच लोक सांगून गेले होते. मागच्या दारी नेऊन मी सगळं कबूल केलं. तेवढ्यात प्रकाशच्या आईचा आवाज आला. आई घाईनं आत गेली, प्रकाशचंच ब्लँकेट ओढून आडवी झाली. मेच्या उकाड्यात. आणि चांगली कण्हलीसुद्धा.
संध्याकाळी सगळे गेल्यावर घामेजलेलं तोंड बाहेर काढून तिनं विचारलं, ती नोकरी लागली ना रे? मी नाही म्हणालो.
तिनं पदरानं तोंड पुसलं. मग विचारलं, मी कधीपर्यंत आजारी राहायचं?
एकोणतीस तारखेपर्यंत, म्हटलं. तोवर रजा आहे.