सुई माझी, चूक माझी

दूशिकमामा,

मणक्याच्या सांध्यातला पू काढला, ताप उतरला. इथलं इस्पितळातलं मुळ्याचं किमची लोणचं अगदी पाणचट आहे, असो.

पू कशानं झाला, असं डॉक्टरांनी विचारताच तुम्ही म्हणालात, "सुई माझी, चूक माझी. पोराला रागावू नका." एवढा सरळ माणूस मी पाहिला नाही. आणि मी खुशाल तुम्हाला दोष घेऊ दिला!

त्या दिवशी पाठीतल्या ॲक्युपंक्चरच्या सुया काढताना तुम्ही बजावलं होतं, "भटक्या, आज पाठीला पाणी लावायचं नाही." मी तिथून निघालो तो थेट सार्वजनिक स्नानगृहात जाऊन तासभर गरम हौदात डुंबलो. जंतू कुठून शिरले, देव जाणे.

मामी म्हणाल्या, चाळीस वर्षांचा सुयांचा डबा तुम्ही कायमचा बंद केलात. नुसत्या पत्रानं ते भरून निघणार नाही, म्हणून हे टपालात टाकत नाही. इथून सुटी मिळाली की स्वतःच येतो, मामींसमोर सगळं कबूल करतो. गुडघाही दुखतोय. डबा उघडा, पहिली सुई गुडघ्यातच टोचा.

तुमचा भटक्या भाचा,
तेबोंग